दीर्घिकेतला नवा ठिपका: अतिनवतारा शोधायचा आणि ओळखायचा कसा

१९ मे २०२३ ची रात्र. आपल्याकडे अकरा वाजायला तीन मिनिटं होती, जपानमध्ये पहाटेचे अडीच होत आले होते. यामागाताचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांच्या कॅमेऱ्यात एम १०१ या दीर्घिकेचा फोटो उतरला आणि तिच्या एका भुजेवर पूर्वी नसलेला एक ठिपका दिसला. प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, १४.९. आज जग त्याला एसएन २०२३ आयएक्सएफ म्हणून ओळखतं. गेल्या काही वर्षांत पृथ्वीवरून दिसलेल्या सर्वात जवळच्या अतिनवताऱ्यांपैकी तो एक.

मला चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. नेमक्या त्या वेळी एम १०१ महाराष्ट्राच्या आकाशात उत्तरेला, तिच्या सर्वात उंच जागी, सुमारे ५४ अंशांवर होती. मी गच्चीवरच होतो. दुर्बीण शौरीतल्या तारकागुच्छाकडे लावून पाहुण्यांना ‘बघा, साखर सांडल्यासारखं दिसतंय ना?’ असं विचारत होतो.

पुढे जे लिहिलं आहे ते नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. नवा ठिपका दिसणं हे यातलं सोपं काम. हा ठिपका अतिनवतारा नाहीच, असं सिद्ध करायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा आणि त्यात हरायचं, हे खरं काम.

आधी पाटीवरचं गणित

अतिनवतारा म्हणजे ताऱ्याचा शेवटचा स्फोट. तो मुख्यतः दोन वाटांनी होतो. सूर्याच्या साधारण आठपट किंवा त्याहून जड ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो आणि बाहेरची आवरणं उडतात. दुसऱ्या वाटेत जोडताऱ्यातला श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) सोबत्याकडून वस्तुमान ओढतो, किंवा दुसऱ्या श्वेतबटूवर आदळतो, आणि त्यातल्या कार्बनचा अणुभडका उडून तो अख्खा फुटतो. मागे काहीच उरत नाही.

शोध घेणाऱ्याला याचा उपयोग काय, तर ठिपका किती तेजस्वी दिसेल याचा अंदाज बांधता येतो. प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आणि ते उलटं चालतं: आकडा लहान तितका तारा ठळक, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट प्रकाश. श्वेतबटूच्या स्फोटाची निरपेक्ष प्रत, म्हणजे एका ठरावीक अंतरावरून दिसली असती ती प्रत, ऐन भरात उणे १९.३ च्या आसपास जाते. गाभा कोसळून होणारे स्फोट बहुतेक वेळा उणे १६ ते उणे १८ च्या दरम्यान असतात. या आकड्यात दीर्घिकेच्या अंतराचा आकडा मिळवला की दृश्य प्रत मिळते. अंतराच्या या आकड्याला खगोलशास्त्रात अंतर-गुणांक म्हणतात.

एम १०१ दोन कोटी प्रकाशवर्षांहून थोडी दूर आहे, तिचा गुणांक सुमारे २९.२. म्हणजे तिथे श्वेतबटू फुटला तर तो ९.९ प्रतीचा दिसायला हवा. ऑगस्ट २०११ मध्ये त्याच दीर्घिकेत एसएन २०११ एफई सापडला आणि तो चढत चढत बरोबर ९.९ पर्यंत गेला. पाटीवरचं गणित आकाशात असं जुळताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरच्यांना जेवणाच्या ताटावरून उठवून कागद दाखवला होता. त्यांनी तो वरण सांडू नये म्हणून बाजूला ठेवला.

कन्या समूहातल्या दीर्घिका साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या घरात आहेत, गुणांक ३१.१. तिथला श्वेतबटूचा स्फोट ११.८ प्रतीपर्यंत येईल, गाभ्याचा साधारण १४ पर्यंत. आठ इंची दुर्बीण आणि बरा कॅमेरा असेल तर शहराबाहेरच्या आकाशात १६-१७ प्रतीपर्यंत सहज पोहोचता येतं. म्हणजे कन्या समूह आपल्या आवाक्यात आहे, आणि त्याच्या थोडं पलीकडचंही.

कुठे आणि कधी बघायचं

आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेत शतकभरात साधारण एक-दोन अतिनवतारे होतात. एकच दीर्घिका धरून बसलात तर नातवंडांना निरोप ठेवून जावं लागेल. शंभर दीर्घिका घेतल्या तर वर्षाला एखादा, निदान कागदावर. त्यातून पावसाळा वजा करा. जून ते सप्टेंबर आपली दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटात असते.

म्हणून यादी करायची. साठ-सत्तर मोठ्या, जवळच्या, तोंड आपल्याकडे असलेल्या सर्पिल दीर्घिका निवडा. आडव्या पडलेल्या दीर्घिकेत धुळीमागे काय चाललंय ते कळत नाही. फेब्रुवारी ते मे हा आपला हंगाम: सिंहेतल्या एम ६५, एम ६६, कन्येतली एम ६१, सप्तर्षींच्या परिसरातल्या एम ५१, एम ८१, एम ८२, एम १०१. एम १०१ शोधायला सोपी: वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी ती जवळजवळ समभुज त्रिकोण करते. पण तिचा प्रकाश इतका पसरलेला आहे की शहरातून डोळ्यांना काही दिसत नाही, कॅमेराच लागतो.

दिवाळीच्या सुमारास एनजीसी ६९४६ या दीर्घिकेला विसरू नका. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिच्यात दहा अतिनवतारे नोंदले गेले. ताऱ्यांची पैदास जोरात असलेल्या दीर्घिकेत जड तारे अधिक, आणि जड तारे अल्पायुषी.

आता एक रास्त प्रश्न: पालोमारचं झेडटीएफ, हवाईपासून सुरू झालेलं ॲटलास, चिलीतली नवी व्हेरा रुबिन वेधशाळा अशी यंत्रं रोज रात्री आकाश पिंजून काढत असताना आपण काय मिळवणार? बहुतेक शोध आता यंत्रांचेच असतात हे खरं आहे. पण यंत्रालाही आंधळी जागा असते. जानेवारी २०१४ मध्ये लंडनजवळच्या विद्यापीठीय वेधशाळेत स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना कॅमेरा शिकवत होते. ढग येऊ लागले म्हणून घाईत त्यांनी चटकन दिसणारी एम ८२ लावली, आणि तिच्यात एक ठळक तारा जादा होता. तो फुटून तोवर आठवडा होत आला होता. एम ८२ धुळीने आणि गाठींनी इतकी विस्कटलेली दिसते की नव्या फोटोतून जुना वजा करणाऱ्या यंत्राच्या वजाबाकीत असा ठिपका सहज गाळला जातो. फोटो काढणं आणि ठिपका ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या, ठळक, गुंतागुंतीच्या दीर्घिकांत माणसाला अजून जागा आहे.

फोटो, आणि त्याआधीचा फोटो

दुर्बिणीपेक्षा महत्त्वाचा असतो तो संदर्भ फोटो. तुमच्याच दुर्बिणीतून, त्याच कॅमेऱ्याने, शक्यतो त्याच फिल्टरने काढलेला. पहिल्या हंगामात शोधाच्या मागे लागू नका. यादीतल्या प्रत्येक दीर्घिकेचा एक स्वच्छ फोटो जमवा. ३०-६० सेकंदांच्या दहा-वीस फ्रेम काढून त्यांची बेरीज केली की काम भागतं. फार वेळ उघडा ठेवलेला शटर दीर्घिकेचा गाभा पांढराफटक करतो, आणि गाभ्याजवळ फुटलेला तारा त्यात बुडून जातो. नवखे लोक भुजांचं सौंदर्य काढायच्या नादात हे हमखास करतात. आपल्याला कॅलेंडरसाठी चित्र काढायचं नाही.

तुलनेची पद्धत साधी आहे: दोन फोटो एकावर एक अचूक बसवायचे आणि आलटूनपालटून दाखवायचे. जे बदललं ते लुकलुकतं. संगणकाकडून वजाबाकीही करून घेता येते, पण सुरुवातीला डोळ्यांनीच करा. ऑस्ट्रेलियातले धर्मोपदेशक रॉबर्ट इव्हान्स यांच्याकडे कॅमेराही नव्हता. शेकडो दीर्घिकांभोवतालच्या ताऱ्यांच्या जागा त्यांना पाठ होत्या. निव्वळ डोळ्यांनी त्यांनी चाळीसहून अधिक अतिनवतारे शोधले. आपल्याला तितकं जमायची गरज नाही, पण पाच-सहा आवडत्या दीर्घिकांचा ‘चेहरा’ ओळखीचा झाला की काहीतरी खटकल्याचं चटकन जाणवतं.

संदर्भासाठी दुसरा आधार म्हणजे जुनी आकाश-सर्वेक्षणं. ॲलाडिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडून त्यात पॅन-स्टार्स किंवा जुन्या डीएसएस पाट्यांवरची तीच जागा बघता येते. फोटोत नेमके विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) कळण्यासाठी फोटोचा ताऱ्यांशी मेळ घालावा लागतो. त्यासाठी ॲस्टॅप हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

संशयितांची रांग

ठिपका दिसला. छातीत धडधडतंय. आता थांबायचं.

सगळ्यात आधी कॅमेऱ्यावर संशय घ्या. बेरजेतल्या सुट्या फ्रेम उघडा. ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल तर तो वैश्विक किरणाचा फटका, किंवा उपग्रहाचा लखलखाट. सगळ्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याच्या अगदी त्याच पिक्सेलवर असेल तर तो बिघडलेला पिक्सेल. म्हणून दोन फ्रेमच्या मध्ये दुर्बीण किंचित हलवायची सवय लावून घ्या: तारे हलतील, पिक्सेल हलणार नाही.

मग लघुग्रह. सिंह आणि कन्या या दोन्ही राशींतून क्रांतिवृत्त (सूर्याची आकाशातली वाट) जातं, म्हणजे आपल्या सर्वात आवडत्या शिकारीच्या रानातूनच लघुग्रहांचा हमरस्ता आहे. माझी फजिती इथलीच. एका एप्रिलमध्ये एम ६६ च्या भुजेजवळ मला नवा तारा दिसला. रात्री दीड वाजता मित्राला फोन केला. तो झोपेतच म्हणाला, “अर्ध्या तासाने परत फोटो काढ. तारा तिथेच असला तर मला उठव.” अर्ध्या तासाने तारा पंधरा पिक्सेल सरकला होता. मी त्याला उठवलं नाही. सूर्याच्या समोरच्या बाजूला असलेला मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण अर्धी कलामिनिटभर सरकतो, म्हणजे तासाभराच्या अंतराने काढलेले दोन फोटो पुरतात. पण लघुग्रहही मंगळ-शनीसारखे स्तंभी होतात. वक्री होण्याच्या किंवा मार्गी होण्याच्या वेळी तो जागचा हलत नाही असं वाटतं. म्हणून लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर वेळ आणि जागा टाकून बघाच, आणि जमल्यास दुसऱ्या रात्री पुन्हा फोटो घ्या.

फजिती फक्त हौशींचीच होते असं नाही. मार्च २०१८ मध्ये केप टाउनच्या एका व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाने धनू राशीत अतिशय ठळक नवा तारा सापडल्याचं खगोलशास्त्रज्ञांच्या तातडीच्या तारेने जगाला कळवलं. थोड्याच वेळात दुसरी तार गेली: तो मंगळ होता. त्यांनी ते हसत स्वीकारलं.

तिसरा संशयित आपल्याच आकाशगंगेतला रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा. तो दीर्घिकेच्या दिशेला असतो, दीर्घिकेत नव्हे. एरवी इतका मंद की संदर्भ फोटोत उमटत नाही, आणि उसळला की नव्यासारखा दिसतो. आवसो या अमेरिकी संस्थेच्या रूपविकारी ताऱ्यांच्या सूचीत आणि गाया या अवकाश दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या यादीत ती जागा शोधा.

चौथा फसवा प्रकार म्हणजे दीर्घिकेतल्याच तेजस्वी गाठी. तरुण ताऱ्यांनी पेटवलेले हायड्रोजनचे ढग लाल प्रकाशात चमकतात. तुमचा कॅमेरा लालसाठी हळवा, आणि संदर्भ म्हणून घेतलेली जुनी पाटी निळ्या प्रकाशातली असेल, तर जुनीच गाठ तुम्हाला नवा तारा वाटेल. एम १०१ मधल्या काही गाठी इतक्या ठळक आहेत की त्यांना स्वतंत्र एनजीसी क्रमांक आहेत. २०२३ आयएक्सएफ ज्या गाठीच्या शेजारी उगवला तिचा क्रमांक एनजीसी ५४६१. घाईत पाहणाऱ्याने ‘ही तर नेहमीचीच गाठ’ म्हणून सोडून दिला असता, अशी ती जागा.

ठिपका अगदी गाभ्यात असेल तर सक्रिय गाभ्याची (मधल्या कृष्णविवराभोवतालच्या वायूची) उसळीही असू शकते. तिथे मी स्वतः शोध जाहीर करायला धजणार नाही. आणि शेवटी: तो आधीच कुणाला सापडलेला नाही ना? हे पहिल्या पाच मिनिटांतच बघायला हवं, पण त्या पाच मिनिटांत कुणालाच ते सुचत नाही.

नोंद करणं

२०१६ पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची अधिकृत नोंदवही म्हणजे ट्रान्झियंट नेम सर्व्हर, सगळे टीएनएस म्हणतात. तिथे कुणालाही खातं उघडता येतं. खातं आधीच उघडून ठेवा. पहाटे तीनला पासवर्ड सुचत नाही. अर्जात जागा, जागतिक वेळ, प्रत, फिल्टर आणि उपकरण लागतं. आणखी एक रकाना नवख्यांना चक्रावतो: याआधी शेवटचा फोटो कधी काढला, त्यात तारा नव्हता का, आणि तेव्हा किती प्रतीपर्यंतचे तारे दिसत होते. ही ‘नव्हता’ची नोंद शोधाइतकीच मोलाची, कारण स्फोटाची वेळ तिच्यावरून बांधली जाते. तुम्ही दर आठवड्याला काढून ठेवलेले, काहीच न सापडलेले फोटो इथे कामाला येतात. आयएक्सएफ जाहीर झाल्यावर जगभरच्या हौशींनी आपापल्या डिस्क उपसल्या आणि इतागाकींच्या आधीच्या काही तासांतले फोटोही त्यातून निघाले. तारा त्यांच्याकडे होता, त्यांनी पाहिला नव्हता.

नोंद झाली की नाव मिळतं, पण आधी एटी या उपसर्गाने. वर्णपट (प्रकाश रंगांत फोडून काढलेला आलेख) पाहून प्रकार ठरला की एटीचं एसएन होतं. अक्षरं ओळीने दिली जातात: पहिल्या २६ नोंदींना एकेक मोठं अक्षर, पुढे दोन अक्षरांची ६७६ नावं, मग तीन अक्षरी. आयएक्सएफ मोजून पाहिलं तर ती त्या वर्षीची ६,७१४ वी नोंद ठरते, तेही मेच्या तिसऱ्या आठवड्यात. एवढ्या नोंदींपैकी थोड्यांनाच एसएन हा मान मिळतो. वर्णपट काढायला दुर्बिणी पुरत नाहीत.

वर्णपट वाचायचा कसा

माझ्या मते या सगळ्यातला हा सर्वात चवदार भाग, आणि यासाठी स्वतःची दुर्बीणही लागत नाही. टीएनएसवर आणि वाइझरेप या संग्रहात खरे वर्णपट मोफत उतरवून घेता येतात. २०११ एफई, १९९३ जे आणि २०२३ आयएक्सएफ असे तीन घेऊन बसा.

आलेखात डावीकडे निळा प्रकाश, उजवीकडे लाल. आडव्या अक्षावर तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये. अतिनवताऱ्याच्या वर्णपटात रेषा सुईसारख्या नसतात, रुंद टेकड्या आणि दऱ्या असतात. स्फोटात उधळलेला वायू चहूकडे धावतो. आपल्या दिशेने येणारा भाग मागच्या प्रकाशाला अडवतो, म्हणून मूळ जागेच्या डावीकडे दरी पडते. बाजूचा वायू स्वतः चमकतो, म्हणून मूळ जागेवर टेकडी उठते. टेकडी आणि तिच्या डाव्या कुशीतली दरी, ही जोडी डोळ्यांत बसली की अर्धं काम झालं.

सुरुवात करायच्या आधी दीर्घिकेची ताम्रसृती, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याने रेषांचं लालकडे सरकणं, काढून टाका. ती दीर्घिकेच्या सूचीत मिळते. एम १०१ साठी नगण्य, दूरच्या दीर्घिकांसाठी बरीच.

पहिला प्रश्न: ६५६३ अँगस्ट्रॉमला हायड्रोजनची टेकडी आहे का? आहे, तर टाइप टू. नाही, तर टाइप वन. ही विभागणी रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी १९४१ मध्ये केली, स्फोट कशाने होतो हे कळायच्या कितीतरी आधी. त्यामुळे नावं आणि कारणं यांचा मेळ जरा तिरपा आहे, त्यावर फार विचार करू नका.

हायड्रोजन नसेल तर ६१५० च्या सुमारास खोल दरी बघा. ती सिलिकॉनची, मूळ जागा ६३५५. ती ठसठशीत असेल तर टाइप वन-ए, म्हणजे श्वेतबटूचा स्फोट. इथेच एक छोटं गणित करा: ६३५५ उणे ६१५० बरोबर २०५; त्याला ६३५५ ने भागून प्रकाशाच्या वेगाने गुणलं की सेकंदाला जवळपास ९,७०० किलोमीटर. एखाद्या ताऱ्याचे तुकडे किती वेगाने उडताहेत हे तुम्ही पट्टीने मोजलंत. सिलिकॉनही नसेल तर ५८७६ चं हेलियम शोधा. ते असेल तर वन-बी, नसेल तर वन-सी. या दोन्हींत जड ताऱ्याचाच गाभा कोसळलेला असतो, फक्त त्याने वरची आवरणं आधीच गमावलेली असतात: वन-बीने हायड्रोजनचं, वन-सीने हेलियमचंही.

टाइप टूच्या पोटात टू-एन हा प्रकार आहे. त्यात हायड्रोजनची टेकडी अरुंद असते, कारण ताऱ्याने मरण्याआधी टाकलेला संथ वायू भोवती दाट साचलेला असतो. इथे दोन सापळे. एक, अरुंद रेषा दीर्घिकेतल्या शेजारच्या गाठीचीही असू शकते. दुसरा सापळा खुद्द आयएक्सएफने लावला होता. शोधानंतर काही तासांतच कॅनरी बेटांवरच्या दोन मीटरच्या लिव्हरपूल दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा निळ्या पार्श्वभूमीवर हायड्रोजन, हेलियम, कार्बन, नायट्रोजन यांच्या अरुंद उत्सर्जन रेषा होत्या. स्फोटाच्या झोताने आजूबाजूचा वायू उजळला होता. साधारण आठवड्यात त्या विरल्या आणि मग नेहमीच्या टाइप टूच्या रुंद टेकड्या उगवल्या. एका रात्रीच्या वर्णपटावर अडून बसलात तर फसाल. १९९३ मध्ये एम ८१ मधला १९९३ जे सुरुवातीला हायड्रोजन दाखवत होता, काही आठवड्यांनी हेलियम; त्याच्या जातीला टू-बी म्हणतात.

पृथ्वीची हवाही स्वतःच्या दऱ्या पाडते: ६८७० आणि ७६०० च्या आसपासच्या, ऑक्सिजनमुळे. दर वर्षी कुणी तरी नवखा त्यांना नवं मूलद्रव्य समजतो. ५८९० ची बारीक खाच मात्र दखल घेण्याजोगी आहे. ती वाटेतल्या सोडियमची, आणि खाच खोल म्हणजे सहसा वाटेत धूळही जास्त. एम ८२ मधला २०१४ जे असाच धुळीआडून लालसर आणि मंद झालेला होता.

मग संगणक. स्निड, गेलाटो यांसारखी साधनं तुमचा वर्णपट जुन्या शेकडो वर्णपटांशी ताडून प्रकार आणि वय सांगतात. वापरा, पण स्वतःचं उत्तर आधी कागदावर लिहून. सॉफ्टवेअर ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाजतं. तुम्ही त्याला गोंगाट दिलात तरी ते काहीतरी सर्वात जवळचं शोधून देईलच. ताम्रसृती मोकळी सोडलीत तर सिलिकॉनविना वन-सी सुद्धा दूरच्या दीर्घिकेतला वन-ए म्हणून बसवला जातो. ती सूचीतली टाकून बांधून ठेवा.

स्वतः वर्णपट काढायचा असेल तर फिल्टरसारखी आट्यांवर बसणारी, प्रकाश रंगांत फोडणारी विवर्तन जाळी मिळते. आठ इंची दुर्बिणीवर ती १२ प्रतीच्या आसपासपर्यंत ओढता येते. वन-एची सिलिकॉनची दरी तीत दिसते, बारीक रेषा नाही. मंद ताऱ्यांसाठी मोठे डोळे हवेत. आपल्याकडे जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, लडाखमध्ये हानलेला सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर हिमालयन चंद्र दुर्बीण आणि तिच्या शेजारी भारतीय ताराभौतिकी संस्था व आयआयटी मुंबई यांची ०.७ मीटरची यंत्रचलित ग्रोथ-इंडिया. हानलेच्या या दोघींनी आयएक्सएफचा पाठलाग केला, सोबत ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीनेही. या दुर्बिणी मागून मिळत नाहीत, प्रस्ताव लिहावे लागतात. पण मार्गदर्शक प्राध्यापक भेटले तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या नोंदींवर काम करता येतं.

पुढचे शंभर दिवस

प्रकार ठरला की बातमी संपते, पण तारा अजून चालूच असतो. त्याची प्रत दर दोन-तीन रात्रींनी मोजून आलेख काढा. त्याच फोटोतले माहीत प्रतीचे तारे तुलनेला घ्या, शक्यतो हिरव्या व्ही फिल्टरमधून. वन-ए साधारण अठरा दिवसांत चढतो आणि भरानंतर पंधरा दिवसांत निळ्या प्रकाशात सुमारे एक प्रत उतरतो. नंतरचा मंद उतार किरणोत्सर्गाचा: निकेल-५६ चं सहा दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट होतं, कोबाल्टचं सत्त्याहत्तर दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड. तुमच्या गच्चीवरच्या आलेखाचा उतार म्हणजे कोबाल्टचं अर्धायुष्य, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा कॅमेऱ्याचे हप्ते वसूल झाल्यासारखे वाटतात. टाइप टू-पी मात्र चढतो आणि मग पठारावर बसून राहतो, शंभरेक दिवस, थंड होत जाणाऱ्या हायड्रोजनच्या थराच्या जोरावर. आयएक्सएफ काही दिवसांतच ११ प्रतीपेक्षा जरा ठळक झाला, निरपेक्ष प्रत उणे १८.४ च्या जवळ, आणि मग रेंगाळला. आपण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला मुकलो. पाऊस आला.

मोजमापं आवसोकडे पाठवा, तुमच्या चुकांसह. अनिश्चितता लिहिलेली चूक चालते, न लिहिलेली नाही. आणि तारा पूर्ण मावळल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी का होईना, त्या दीर्घिकेचा एक नवा फोटो काढून ठेवा. मधल्या काळातला कुठलाही फोटो संदर्भ म्हणून वापरू नका, त्यात हा ठिपका आहे. पुढचा तारा त्याच गाठीजवळ फुटला तर वजाबाकीत जुन्याचं भूत नव्याला खाऊन टाकेल.